तीन खाचा आणि दोन तारा: वायरिंगवरून इन्स्पेक्टरशी झालेल्या मतभेदाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने अमेरिकेतल्या एका छोट्या शहरात १९५० च्या दशकात बांधलेलं घर घेतलं. घर भक्कम होतं, लाकूडकाम अजून ताठ. वायरिंग मात्र घराच्याच वयाचं. झोपायच्या तीन खोल्या, दिवाणखाना आणि पॅसेज इथले सगळे सॉकेट दोन खाचांचे होते, म्हणजे फेज आणि न्यूट्रल, बस. अर्थिंगची तार कुणी तोडली नव्हती की ती गंजली नव्हती. ती मुळात ओढलेलीच नव्हती. त्या काळी लागत नव्हती. अमेरिकेत घरच्या वायरिंगसाठी जो नॅशनल इलेक्ट्रिकल कोड आहे तो १८९७ पासून चालत आलाय आणि आता दर तीन वर्षांनी नव्याने निघतो. त्याच्या १९६२ च्या आवृत्तीपासून १५ आणि २० अँपिअरच्या सर्किटवर अर्थिंगची खाच असलेले सॉकेट सक्तीचे झाले. हे घर त्याच्या आधीचं.

आधीच्या मालकाने स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्याने करून घेतली होती, तिथे अर्थिंग होतं. उरलेल्या घरात मात्र लॅपटॉपचा तीन पिनी प्लग लावायचा तर मधे ॲडाप्टर. मूल रांगायला लागलं तसं हे ॲडाप्टर लटकलेले बघून घरमालकिणीने काम काढायचं ठरवलं.

काम तीन भागांचं होतं. १०० अँपिअरचं जुनं पॅनेल, म्हणजे ब्रेकरची मुख्य पेटी, काढून २०० चं बसवायचं. दोन खाचांचे १४ सॉकेट बदलायचे. आणि ज्या खोलीत घरमालक काम करतो तिथे खिडकीखाली एक नवा पॉइंट काढायचा. रीतसर परमिट काढलं, लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन नेमला. काम झालं की शहराचा इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर येऊन तपासतो आणि सही करतो, ही तिथली पद्धत.

मी वीज अभियंता, पण माझं आयुष्य सबस्टेशनांत गेलं. घरगुती वायरिंगचं लायसन्स माझ्याकडे नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे एका ठिकाणी मी ते विसरलो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक मुद्दे जसेच्या तसे आहेत.

इलेक्ट्रिशियनने काय केलं होतं

सॉकेट बदलताना त्याने नवीन केबल ओढली नाही. प्रत्येक सर्किटवरच्या पहिल्या सॉकेटच्या जागी जीएफसीआय बसवला आणि त्याच्या पुढचे सगळे साधे तीन खाचांचे, लहान मुलांना आत काही खुपसता येणार नाही असे सॉकेट त्याच्या मागून जोडले, म्हणजे त्यांची वीज त्याच्यातूनच येते.

जीएफसीआय म्हणजे आपल्याकडच्या आरसीसीबीचा सॉकेटच्या आकाराचा भाऊ. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित माणसाच्या अंगातून, वीज जमिनीत जातेय असं समजून सर्किट तोडतो. आपल्या घरात बसवतात तो आरसीसीबी साधारण ३० मिलिॲम्पिअरचा असतो. हा ४ ते ६ मिलिॲम्पिअरलाच पडतो. या सगळ्या हिशेबात अर्थिंगच्या तारेचा काही संबंध येत नाही. ती नसली तरी दोन तारांमधला फरक मोजता येतोच. म्हणून कोडच्या कलम ४०६.४(डी)(२) मध्ये जुन्या, अर्थिंग नसलेल्या घरात सॉकेट बदलताना तीन वाटा दिल्या आहेत: पुन्हा दोन खाचांचाच सॉकेट बसवा, त्या जागी जीएफसीआय बसवा, किंवा जीएफसीआयच्या मागून तीन खाचांचा साधा सॉकेट बसवा. तिसरी वाट घेतली तर प्रत्येक सॉकेटवर दोन सूचना दिसतील अशा लावायच्या: 'जीएफसीआय प्रोटेक्टेड' आणि 'नो इक्विपमेंट ग्राउंड'.

इलेक्ट्रिशियनने तिसरी वाट घेतली आणि लेबलंही लावली. निळसर, बोटभर लांबीची, जरा तिरकी.

अडचण

तपासणीच्या दिवशी घरात घरमालकीण आणि भारतातून आलेली तिची आई होत्या. इन्स्पेक्टर वयाने पन्नाशीचे, अबोल. पॅनेल बघून त्यांनी मान डोलावली. मग पाहुण्यांच्या खोलीत जाऊन खिशातला तीन दिव्यांचा टेस्टर सॉकेटमध्ये खुपसला. सगळं ठीक असेल तर त्यात दोन पिवळे दिवे लागतात. एकच लागला: अर्थिंग नाही. त्याच टेस्टरवर जीएफसीआय तपासायचं एक काळं बटण असतं. त्यांनी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सॉकेट चालूच.

त्यांनी लेबल शोधलं. लेबल नव्हतं.

इथे आई मधे आल्या, म्हणजे नंतर कळलं. आदल्या दिवशी पाहुणे येणार म्हणून त्यांनी पाहुण्यांच्या खोलीतली आणि दिवाणखान्यातली ती "किंमतीची स्टिकरं" नखाने खरवडून, वर ओलं फडकं मारून साफ केली होती. सात सॉकेटची लेबलं गेली. पाहुण्यांच्या खोलीचा जीएफसीआय पलीकडच्या खोलीत कपाटामागे होता, तो इन्स्पेक्टरना दिसलाच नाही.

त्यांच्या जागी कुणीही असता तरी त्याला काय दिसलं असतं? तीन खाचांचा सॉकेट, आत अर्थिंग नाही, लेबल नाही, बटण दाबलं तरी संरक्षण पडत नाही. नोटिशीत दोन मुद्दे आले:

एक, अर्थिंगशिवाय बसवलेले तीन खाचांचे सॉकेट अमान्य. नवीन केबल ओढा किंवा दोन खाचांचे परत बसवा. दोन, कामाच्या खोलीतला नवा पॉइंट जुन्या सर्किटवरून अर्थिंगशिवाय वाढवलेला आहे, दुरुस्त करा.

संध्याकाळी मला फोन आला. "काका, त्याने सगळं काम नापास केलं. इलेक्ट्रिशियन म्हणतो हा माणूस असाच आहे, मी बोलतो त्याच्याशी. तुम्ही येता का उद्या?"

"येतो गं. पण नोटिशीवर कलमाचा नंबर लिहिलाय का?"

नव्हता.

पर्याय

सगळ्या जुन्या सर्किटना नवीन केबल ओढण्याचा अंदाज दुसऱ्या एका कंत्राटदाराने अकरा हजार डॉलरच्या वर दिला. प्लॅस्टरच्या भिंती फोडायच्या, बुजवायच्या, रंगवायच्या, तो खर्च वेगळा. दोन खाचांचे सॉकेट परत बसवणं स्वस्त आणि कायदेशीर होतं, पण मग ॲडाप्टर पुन्हा आले आणि मुलाच्या हाताशी जीएफसीआयचं संरक्षणही राहिलं नसतं. सगळ्या पर्यायांत हा सगळ्यात वाईट, आणि गंमत अशी की त्यावर कुणी आक्षेप घेतला नसता.

शनिवारी जेवायला आलेल्या एका मित्राने आणखी एक पर्याय सुचवला. सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूवरून अर्थच्या स्क्रूला इवलीशी तार मारायची. "टेस्टरला काय कळतंय?" खरंच कळत नाही, दोन्ही पिवळे दिवे लागतात. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला तर त्या तारेवाटे फेज थेट उपकरणाच्या धातूच्या अंगावर येतो, आणि ब्रेकरला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या घरांत असं केलेलं सर्रास सापडतं. यावर चर्चा दोन मिनिटांत संपवली.

प्रत्येक सॉकेटपासून फक्त अर्थिंगची सुटी तार पॅनेलपर्यंत नेणं हाही एक मार्ग होता; कलम २५०.१३०(सी) तशी मुभा देतं. पूर्वी लोक जवळच्या पाण्याच्या पाइपला क्लॅम्प मारून मोकळे व्हायचे. आता पाइप घरात शिरतो तिथून पाच फुटांच्या पुढे ते चालत नाही, कारण मधेच कुणी प्लास्टिकचा तुकडा टाकला की अर्थिंग हवेत लटकतं. पण १४ सुट्या तारा ओढायच्या म्हणजे अर्ध्याहून जास्त भिंती फोडाव्या लागल्या असत्या. मग नवीन केबलच का नाही?

उरलं ते इन्स्पेक्टरशी मतभेद मांडणं. त्याचेही प्रकार होते: फोनवर वाद, त्यांच्या वरिष्ठांकडे तक्रार, किंवा नोटिशीच्या मागे दिलेल्या मुदतीत अपील मंडळाकडे अर्ज. कोडच्या ९०.४ कलमाप्रमाणे नियमांचा अर्थ लावायचा अधिकार तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतो. इलेक्ट्रिशियन लोक याचा अर्थ "साहेब म्हणेल तसं" असा घेतात. माझं वाचन वेगळं. अर्थ लावायचा अधिकार आहे, म्हणजे आधी एक वाक्य असलं पाहिजे ज्याचा अर्थ लावायचा. म्हणून पहिली पायरी ते वाक्य कोणतं हे विचारणं.

पहिला निर्णय: काय लिहायचं

घरमालकाने रागात एक पत्र लिहून ठेवलं होतं, त्यात "तुमच्या अज्ञानामुळे" असा शब्दप्रयोग होता. ते तसंच ड्राफ्टमध्ये राहिलं. घरमालकिणीने चार ओळींचं पाठवलं. मतलब असा: नोटिशीतल्या दोन्ही मुद्द्यांना लागू होणारी कलमं कळवावीत. पहिल्या मुद्द्यातलं काम ४०६.४(डी)(२) मधल्या तिसऱ्या वाटेने केलं आहे अशी आमची समजूत आहे. त्यात काही निसटत असेल तर सांगावं. काही लेबलं चुकून निघाली होती, ती परत लावत आहोत.

पाठवण्याआधी एक गोष्ट पक्की केली: त्या शहरात कोडची कोणती आवृत्ती लागू आहे. कोड आपोआप कायदा होत नाही. राज्य किंवा शहर तो स्वीकारतं, कधी बदल करून, बहुतेकदा उशिराने. तिथे २०१७ ची आवृत्ती चालू होती. इलेक्ट्रिशियनच्या गाडीत २०२० चं पुस्तक होतं. या दोन कलमांपुरता फरक पडला नसता, पण चुकीच्या सालाचं पान दाखवलं की पुढचं बोलणं कुणी ऐकत नाही.

दोन दिवसांत उत्तर आलं. दोन्ही मुद्द्यांना एकच कलम: २५०.१३०(सी).

दुसरा निर्णय: आपली चूक दिसल्यावर

मी, घरमालक आणि घरमालकीण जेवणाच्या टेबलावर हे कलम घेऊन बसलो. जुन्या घरात सॉकेट बदलताना किंवा सर्किट वाढवताना अर्थिंगची तार कुठे कुठे जोडता येईल, हे त्यात सांगितलंय. सॉकेट बदलण्याच्या बाबतीत ती एक मुभा आहे. शिवाय त्या कलमाखालची टीपच वाचणाऱ्याला ४०६.४(डी) कडे पाठवते. म्हणजे पहिल्या मुद्द्यावर आमचं म्हणणं टिकत होतं.

दुसऱ्यावर नाही. ४०६.४(डी) मधली सवलत बदललेल्या सॉकेटसाठी आहे. खिडकीखालचा पॉइंट नवा होता. तिथे आधी सॉकेट नव्हता, म्हणून बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तो विस्तार झाला, आणि विस्ताराला अर्थिंग लागतंच. इन्स्पेक्टर बरोबर होते, इलेक्ट्रिशियन चुकला होता, आणि मी नोटीस वाचून "दोन्ही मुद्दे फालतू" असं म्हणून बसलो होतो.

हे कळलं तेव्हा मला खरं तर बरं वाटलं. कामाची खोली तळघराच्या बरोबर वर आहे. पॅनेलपासून तिथवर नवीन केबल टाकायला भिंत फोडावी लागत नव्हती, जमिनीला एक भोक पाडलं की झालं. शिवाय संगणकाला खरं अर्थिंग हवंच होतं. जीएफसीआय माणसाला वाचवतो, पण सर्ज प्रोटेक्टरचं (विजेच्या अचानक आलेल्या झटक्यापासून उपकरण वाचवणाऱ्या यंत्राचं) जे काम अर्थिंगवर अवलंबून असतं ते तो करू शकत नाही.

तिसरा निर्णय: न विचारलेलं सांगायचं का

पान उलटताना घरमालकिणीचं बोट त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमावर थांबलं. ४०६.४(डी)(४). जिथे कोड आता एएफसीआय मागतो अशा जागेचा सॉकेट बदलला, तर त्या सॉकेटला एएफसीआयचं संरक्षण द्यायचं. झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, पॅसेज, सगळं त्यात येतं.

"काका, आपल्याकडे हे कुठंय?"

नव्हतं. इलेक्ट्रिशियनने घातलं नव्हतं आणि इन्स्पेक्टरनी लिहिलं नव्हतं.

जीएफसीआय माणसाला शॉक बसू नये म्हणून, एएफसीआय घराला आग लागू नये म्हणून. सैल जोड, चिरडलेली तार, तडकलेलं इन्सुलेशन यांतून जी ठिणगी उडते, तिचा प्रवाह साध्या ब्रेकरला पाडण्याइतका मोठा असेलच असं नाही. एएफसीआय त्या ठिणगीची विशिष्ट थरथर ओळखून सर्किट तोडतो. सत्तर वर्षांच्या तारांना याची गरज नव्या तारांपेक्षा जास्त.

घरमालक म्हणाला, त्यांनी विचारलेलं नाही, कशाला आपण होऊन सांगायचं? माझं मत याहून फार उंच नव्हतं. मी म्हटलं, आधी पहिल्या मुद्द्यावर सही घेऊ, मग आपण गुपचूप ते ब्रेकर घालून घेऊ. काम तर होणारच आहे.

घरमालकिणीने दोघांनाही गप्प केलं. तिचं म्हणणं सरळ होतं. "आपण त्यांना पुस्तकाचं पान दाखवणार. त्याच पानावर खाली हे लिहिलंय. त्यांनी पुढची ओळ वाचली तर?" तिला नीतीपेक्षा हिशेब सुचला होता, आणि हिशेब बरोबर होता.

प्रत्यक्ष भेट

कार्यालयात फोन करून तिने पुनर्तपासणीऐवजी साधी भेट मागितली. पुनर्तपासणी म्हटलं की पास किंवा नापास एवढंच उरतं.

इन्स्पेक्टर आले आणि मी घोटाळा केला. हात पुढे करून म्हटलं, "मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे." त्यांचा चेहरा बंद झाला. पुढची दहा मिनिटं ते फक्त "हं" म्हणत होते. सबस्टेशनातला माणूस त्यांना त्यांच्या सॉकेटबद्दल शिकवणार, असं त्यांना वाटलं असेल, आणि मी येताना मनात तेच घेऊन आलो होतो.

वातावरण सुधारलं ते टेबल लॅम्पमुळे. पाहुण्यांच्या खोलीत सॉकेटला दिवा लावला. घरमालकीण पलीकडच्या खोलीत कपाट सरकवून जीएफसीआयपाशी उभी राहिली आणि तिने त्याच्यावरचं चाचणीचं बटण दाबलं. दिवा विझला. रीसेट दाबलं, लागला. पुन्हा दाबलं, विझला.

इन्स्पेक्टरनी आपला टेस्टर काढला, त्याच सॉकेटमध्ये घातला, काळं बटण दाबलं. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग हा का पडत नाही?"

या वेळी मी थोडक्यात बोललो. टेस्टरचं बटण फेजमधून थोडासा प्रवाह अर्थिंगच्या खाचेत सोडतं. इथे त्या खाचेच्या मागे काहीच नाही, म्हणून प्रवाह जातच नाही, फरक पडत नाही आणि जीएफसीआयला काही कळत नाही. जीएफसीआयचं स्वतःचं बटण अर्थिंग वापरत नाही; ते आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये फरक पाडतं.

ते गप्प राहिले. मग गाडीकडे गेले. परत आले ते एक करड्या रंगाचा तीन पिनीचा दोन पिनी करणारा ॲडाप्टर आणि एक लांबच लांब हिरवी तार घेऊन. तारेचं एक टोक तळघरात पॅनेलच्या अर्थपट्टीला लावलं, दुसऱ्या टोकाची मगरपकड ॲडाप्टरच्या कानाला. ॲडाप्टर सॉकेटमध्ये, त्यात टेस्टर. दोन पिवळे दिवे लागले. काळं बटण दाबलं आणि पलीकडच्या खोलीतून 'टक' असा आवाज आला. सगळेच ऐकत उभे राहिलेले मला अजून दिसतात. माझ्या भाषणाने जे झालं नसतं ते त्यांच्या स्वतःच्या हिरव्या तारेने झालं. त्यांनी कलमाचं पान मागितलं, चष्मा वर करून वाचलं आणि नोटिशीवरच्या पहिल्या मुद्द्यापुढे लिहिलं: लेबलं पूर्ण केल्यावर मान्य.

मग घरमालकीण म्हणाली, "दुसरा मुद्दा तुमचा बरोबर आहे, नवीन केबल टाकतोय. आणि एएफसीआयचं राहिलंय, तेही घालतोय." त्यांनी पान पुन्हा वर घेतलं, खालची ओळ वाचली आणि म्हणाले, "हे माझ्याकडून सुटलं." नोटिशीत तिसरा मुद्दा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यानंतर ते चहाला थांबले.

दुरुस्ती आणि मधेच निघालेलं

नवं पॅनेल असल्यामुळे एएफसीआय आणि जीएफसीआय दोन्ही एकत्र असलेले ब्रेकर त्यात सहज बसत होते. असे चार ब्रेकर जुन्या चार सर्किटना लावले. मग खोल्यांतल्या जीएफसीआय सॉकेटची गरज उरली नाही. ते काढून साधे बसवले, म्हणजे काही पडलं की शोधत कपाटामागे जायला नको. लेबलं तशीच लागतात, कारण संरक्षण ब्रेकरमधून आलं तरी अर्थिंग नाहीच.

तीन ब्रेकर शांत राहिले. चौथा पॅसेजमधला दिवा लावला की त्या क्षणी पडायचा. इलेक्ट्रिशियनला आधी ब्रेकरच सदोष वाटला. बदलला, तोही पडला. अर्धा दिवस शोधल्यावर पॅसेजच्या छतातली डबी उघडली. आत कापडी वेष्टणाच्या तारा, त्यांच्यावरचा टेप बोट लावताच खापरीसारखा तुटत होता. आणि त्या गुंत्यात दोन वेगवेगळ्या सर्किटचे न्यूट्रल एकाच जोडात पिळलेले. एका सर्किटने गेलेला प्रवाह दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परत येत होता. ब्रेकरला फरक दिसला, तो पडला. त्याचं काम त्याने चोख केलं. हे किती वर्षं असं चालू होतं कुणास ठाऊक. साध्या ब्रेकरवर ते कधीच कळलं नसतं, आणि दोन्हीकडचा भार एकाच न्यूट्रलवर आला असता तर ती तार गुपचूप तापत राहिली असती.

न्यूट्रल वेगळे केले, नवी डबी बसवली. ब्रेकर टिकला.

निकाल

नोटिशीपासून अंतिम सहीपर्यंत पाच आठवडे गेले. ब्रेकर आणि केबलचे पैसे घरमालकांनी दिले, मजुरी इलेक्ट्रिशियनने सोसली. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण मिटली. एकूण खर्च दीड हजार डॉलरच्या आत राहिला. अपिलाचा अर्ज भरून ठेवला होता, तो पाठवावा लागला नाही.

अंतिम तपासणीला इन्स्पेक्टरनी प्रत्येक लेबल अंगठ्याने दाबून बघितलं.

पुन्हा असं काम निघालं तर

सगळ्यात मोठी चूक माझ्या मते इन्स्पेक्टर येण्याच्या खूप आधी झाली. परमिटच्या अर्जात फक्त "सॉकेट बदलणे" असं लिहिलं होतं. कोणते सॉकेट, कोणत्या कलमाखाली, त्यांचा जीएफसीआय कुठे, असा एक कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवला असता तर पहिला मुद्दा बहुधा निघालाच नसता. तो कागद लिहायला बसलं असतं तर नव्या पॉइंटची चूकही इलेक्ट्रिशियनच्या स्वतःच्याच लक्षात आली असती.

एएफसीआयचं इन्स्पेक्टरसमोर काढलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला त्याची आधी कल्पना नव्हती. तो तिथे उभा होता आणि त्याचे कान लाल झाले. लायसन्स त्याचं, सही त्याची. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर ते वाक्य त्यालाच बोलता आलं असतं. घरमालकिणीलाही आज हेच वाटतं.

इन्स्पेक्टरनीही पहिल्या दिवशी जीएफसीआय कुठे आहे एवढं विचारलं असतं तर बरं. पण तीन दिव्यांच्या टेस्टरवर इतकी वर्षं काम केल्यावर त्या बटणावर शंका घ्यायची सवय कशी लागणार? अर्थिंग नसलेल्या सर्किटवर ते बटण काहीच सिद्ध करत नाही, हे तेव्हा घरात उभ्या असलेल्या कुणालाच आठवलं नाही. लॅम्प लावून जीएफसीआयचं स्वतःचं बटण दाबणं ही चाचणी पहिल्याच दिवशी एका मिनिटात झाली असती.

काही गोष्टी तशाच राहिल्या आहेत. झोपायच्या खोल्यांत अर्थिंग अजूनही नाही, फक्त संरक्षण आहे. दोन वर्षांनी वरचं बाथरूम उघडायचं आहे. तेव्हा त्या बाजूच्या भिंती उघड्या पडतील आणि दोन खोल्यांना नवीन केबल जाईल. इलेक्ट्रिशियनने तिची जागा पॅनेलमध्ये आत्ताच मोकळी ठेवली आहे.